मागील बाकी

दरवर्षीं आमच्या शाळेच्या वार्षिकांकांत काटकसरीवर एखादा तरी निबंध असतो, आणि तो बहुधा 'थेंबे थेंबे तळें सांचे' या म्हणीनें सुरू होतो. आम्हींहि विद्यार्थिदशेंत याच शाळेच्या बांकावर बसून तसा निबंध लिहिला होता व त्यास दहापैकीं सात गुण मिळविले होते. गुरुजींनीं समासांत तांबड्या शाईनें एवढेंच लिहिलें होतें : 'विचार चांगले. अनुभव कोठें आहे?' अनुभव आमच्यापाशीं भरपूर होता. परंतु तो लिहिण्याची आम्हांस लाज वाटली होती. यंदा संपादकांनीं 'घरखर्चाविषयीं कांहीं लिहून द्या,' असें सांगितलें, तेव्हां ती तांबडी शाई पुनः डोळ्यांपुढें आली. गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस पन्नास वर्षांचा उशीर झाला आहे. त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

प्रथम त्या म्हणीविषयीं. थेंबाथेंबानें तळें सांचतें हें खरें. पण तळ्याचा तळ शाबूत असेल तर! आमच्या घरीं थेंब पुष्कळ पडत, तळें मात्र सांचत नसे. तळाशीं भोंक कोठें आहे, हें आमच्या आईनें कसें शोधलें आणि तें बुजविण्यास तिला काय किंमत द्यावी लागली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचें घर सोलापुरास, गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांत होतें. खोल्या दोन आणि माणसें पांच : आजी, आबा, आई, आक्का व आम्ही. आबा गिरणींत 'बदली' होते. आजच्या मुलांस हा शब्द उलगडून सांगितला पाहिजे. बदली कामगारानें रोज पाळीच्या वेळीं गिरणीच्या दाराशीं जाऊन उभें राहावयाचें. कायम कामगारांपैकीं कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागीं त्या दिवसापुरतें काम मिळावयाचें. नसेल तर घरीं परतावयाचें. सकाळीं आबांच्या पायांचा आवाज गल्लींत लवकर ऐकूं आला, कीं आई चुलीवरचें भांडें उतरून ठेवीत असे. त्या दिवशीं मजुरी नाहीं, हें तिला पायरवावरूनच कळे. महिन्यांत असे दिवस कधीं पांच येत, कधीं बारा.

अशा घरांत काटकसर शिकवावी लागत नाहीं. आमच्याकडे कडक भाकरी होत असे, ती आवडीनें कमी आणि सरपणाच्या हिशेबानें अधिक. एकदां चूल पेटली, तवा तापला, कीं आजी एका बैठकींत पातळ अशा तीस-चाळीस भाकरी थापी. त्या वाळून पापडासारख्या कडक झाल्या म्हणजे पुढें कित्येक दिवस चूल न पेटवितांहि शेंगदाण्याच्या चटणीशीं पोट भरे. कोळशाच्या वखारींत तळाशीं चुरा उरतो. तो जवळजवळ फुकट मिळे. त्यांत माती व शेण कालवून लाडवाएवढे गोळे करावयाचे आणि ते उन्हांत वाळवावयाचे. शेगडींत ते सावकाश जळत आणि डाळ शिजवून देत. दोडक्याच्या शिरा टाकून देत नसत, त्यांची तीळ घालून चटणी होई. लुगडें मध्यभागीं विरलें म्हणजे तेवढा भाग कापून काढून उरलेलीं टोकें जोडीत. यास 'दंड घालणें' म्हणत. दंड घातलेलें लुगडें आणखी वर्ष-दीड वर्ष चाले, मग त्याची गोधडी होई, गोधडी फाटली म्हणजे तिचें पोतेरें होई, आणि पोतेऱ्याचें शेवटीं काय होई हें आम्हांस आठवत नाहीं. कारण तें संपलेलें आम्हीं कधीं पाहिलेंच नाहीं. वर्षअखेर वह्यांतील कोरीं पानें उसवून आक्का त्यांची नवी वही शिवून देत असे. तिच्या हातची शिवण इतकी नेटकी असे, कीं वर्गांत ती वही विकतची म्हणून सहज खपून जाई. आणि ती खपावी अशी आमची इच्छाहि असे!

इतकें सर्व करून महिनाअखेर हातीं काय उरे? कांहींच नाहीं. उलट थोडें देणें वाढलेलें असे. आजी म्हणे, नशीब. आबा म्हणत, महागाई. आई कांहीं म्हणत नसे. तिचें शिक्षण चौथीपर्यंत झालें होतें, आणि एका दोन रेघी वहींत ती रोजचा जमाखर्च लिहीत असे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ही वही दर दिवाळीच्या पाडव्यास बदलावयाची, आणि जुन्या वहींतील येणें-देणें नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'मागील बाकी' म्हणून ओढावयाचें, असा तिचा नेम होता. तो तिनें आपल्या वडिलांकडून उचलला होता.

भोंक सांपडलें तें १९७२ च्या दुष्काळांत. त्या वर्षीं सोलापूर जिल्ह्यांत पाऊस जो रुसला, तो रुसलाच. खेड्यापाड्यांतील माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. एरवीं फेब्रुवारी-मार्चांत बाजारांत येणारा पांढराशुभ्र शाळू पुढल्या हंगामांत दिसेनासा झाला, आणि रेशनच्या दुकानांत अमेरिकेंतून आलेला तांबडा मिलो मिळूं लागला. त्याची भाकरी तांबूस होई, थापतांना चिरे, आणि गार झाली म्हणजे घशाखालीं उतरत नसे. तरीहि तो स्वस्त होता आणि पोट भरीत होता. अडचण एकच : रेशनचें दुकान उधार देत नसे. मिलो आल्याची हाक गल्लींत उठे तेव्हां आईच्या हातीं रोख पैसे असतीलच असें नाहीं. मग शेजारणी पिशव्या भरून येत, आणि आमची आई कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन त्याहून कितीतरी महाग जोंधळा खात्यावर आणीत असे. एका रात्रीं ती वहीवर पेन्सिल टेकवून बराच वेळ बसली आणि आबांस म्हणाली, "अहो, स्वस्त आहे तें रोखीनं मिळतं, आणि आपल्याजवळ रोख नाहीं म्हणून आपण महाग खातों. गरिबालाच महाग पडतं, हें कसं काय?"

या प्रश्नांतच सर्व अर्थशास्त्र आलें, असें पुढें महाविद्यालयांत जाड पुस्तकें वाचल्यावरहि आमचें मत राहिलें.

आतां हें खातें म्हणजे काय, तें सांगतों. वाण्याच्या दुकानीं आमच्या नांवाची एक लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची वही असे. तेल, मीठ, गूळ, डाळ, काडेपेटी, जें लागेल तें रोज आणावयाचें. तो लिहून ठेवी. मजुरी झाली म्हणजे आबा कांहीं रक्कम देत. बाकी पुढें चाले. व्याज म्हणून तो एक पैसा लावीत नसे. म्हणूनच आम्हांस हें खातें फुकटची सोय वाटे. वस्तुतः त्याची किंमत तीन वाटांनीं जात होती. पहिली वाट मुलांनीं कागद-पेन्सिल घेऊन पाहावी. समजा, एक जिन्नस किलोस १ रुपया ९० पैसे आहे. पावकिलोचे साडेसत्तेचाळीस पैसे झाले. अर्धा पैसा कोणाजवळ असतो? वाणी ५० पैसे लिही. चार वेळां पावकिलो आणलें, कीं त्याच किलोचे २ रुपये होत. म्हणजे १ रुपया ९० पैशांवर १० पैसे, शेंकडा पांचांहून अधिक, केवळ थोडें थोडें आणल्याबद्दल! दुसरी वाट अशी, कीं खातें असलेल्या माणसास दुसऱ्या दुकानीं जातां येत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं डाळ स्वस्त असली तरी ती दुरून पाहावयाची, कारण तेथें आपलें खातें नाहीं. आणि तिसरी वाट सर्वांत वाईट. उधारीनें घेणाऱ्यास भाव विचारतां येत नाहीं. आमची आई दुकानांत भाव विचारीत आहे, असें दृश्य आम्हीं लहानपणीं पाहिलेलें नाहीं. ती जिन्नस सांगे आणि खालीं पाही.

वाण्यावर मात्र आम्ही दोष ठेवूं इच्छीत नाहीं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यांत आबांस एका महिन्यांत अकराच दिवस काम मिळालें, तेव्हां त्यानें हात आंखडता घेतला असता तर आम्ही काय खाल्लें असतें, कोण जाणे! त्याचेहि पैसे पन्नास घरांत अडकले होते. त्यास सर्वजण 'अप्पा' म्हणत.

आणि त्या खात्यांत आमचाहि हात होता, हें आतां कबूल केलें पाहिजे. तेव्हां आम्ही सहावींत होतों. आई संध्याकाळीं तेलाची बाटली देऊन आम्हांस अप्पांकडे धाडीत असे. एके दिवशीं आम्हीं बाटलीबरोबर दहा पैशांच्या लिंबाच्या गोळ्या मागितल्या. अप्पांनीं दिल्या आणि लिहिल्या. कोणी कांहीं विचारलें नाहीं. वाचकहो, पैसे न देतां वस्तु हातांत येते, यासारखी जादू लहान मुलास दुसरी नाहीं. मोठ्यांसहि नसते, हें पुढें दिसून आलें.

वर सांगितलेल्या रात्रीनंतर आईनें खात्याची वही अप्पांकडून एका रात्रीपुरती मागून आणली. आक्का वाचीत होती, आई आपल्या वहींत उतरवून घेत होती. "मीठ, काडेपेटी, गोळ्या. तेल, गूळ, गोळ्या." तिसऱ्यांदा 'गोळ्या' आल्या तेव्हां आक्कानें डोळे वर करून आमच्याकडे पाहिलें. चौथ्या वेळीं तिनें तो शब्द गाळला. पांचव्या वेळींहि गाळला. पण आईच्या बेरजा चुकूं लागल्या.

"काय गं, नीट वाचीना झालीस?"

आक्का गप्प बसली. मग आईनें वही आपल्याकडे ओढली आणि स्वतः बोट ठेवून वाचूं लागली. एकंदर चोवीस वेळां दहा पैसे : २ रुपये ४० पैसे. आम्ही माराची वाट पाहत भिंतीशीं उभे होतों. आईनें मारलें नाहीं. तिनें आपल्या वहींत एक नवें पान उघडलें, वर आमचें पूर्ण नांव लिहिलें, आणि त्याखालीं 'नांवें २ रु. ४० पै.' असें लिहून म्हणाली, "फेडलेंस म्हणजे हें पान फाडून तुला देईन."

फेडणार कसें? तोड अप्पांनींच काढली. रद्दी कागद त्यांचा आणि खळ आमची. शंभर पिशव्या करून दिल्या कीं वीस पैसे. आजीनें चिंचोके दळून त्यांची खळ शिजवून दिली. बाराशें पिशव्या झाल्या तेव्हां देणें फिटलें. रोज शाळेंतून आल्यावर तीस पिशव्या, याप्रमाणें चाळीस दिवस. शेवटल्या दिवशीं आईनें तें पान वहींतून फाडलें आणि आमच्या हातीं दिलें. तें अजून आमच्यापाशीं आहे. पुढें त्याच रीतीनें आजी व आम्ही मिळून पिशव्या करीत राहिलों, आणि त्या पैशांत आमच्या शाळेचा किरकोळ खर्च भागूं लागला. नादारी असल्यामुळें फीचा प्रश्न नव्हता.

परंतु खऱ्या भोंकास पिशव्यांचें ठिगळ पुरणारें नव्हतें. आईचें गणित सरळ होतें. रोजचें रोज आणणाऱ्या घरास एकदांच, फक्त एकदांच, महिन्याचें सामान पुढें भरून ठेवतां आलें, तर पुढल्या महिन्याची मजुरी आयतीच हातांत राहते; तिच्यांतून त्यापुढल्या महिन्याचें रोखीनें भरतां येतें; आणि मग तें चक्र कायम एक महिना पुढें चालतें. म्हणजे काटकसर ही रोज थोडी करावयाची गोष्ट खरीच, परंतु तिचा पहिला महिना विकत घ्यावा लागतो. तो कोठून आणावयाचा?

तो भिशीनें आणला. आई व आक्का घरीं विड्या वळीत असत. सोलापुरांत हें काम हजारों बायका करीत आल्या आहेत : मांडीवर सूप, सुपांत तेंदूचीं कातरलेलीं पानें, तंबाखू आणि दोरा, हजार विड्यांवर मजुरी ठरलेली, विडी सैल किंवा वांकडी असली तर ती छाटांत जाई आणि तिचे पैसे मिळत नसत. अशा बारा बायकांनीं १९७३ च्या दसऱ्यास भिशी सुरू केली. दरमहा प्रत्येकीनें १५ रुपये घालावयाचे, चिठ्ठ्या टाकावयाच्या, जिचें नांव निघेल तिनें १८० रुपये उचलावयाचे. हीहि एक उधारीच, असें कोणी म्हणेल. परंतु येथें देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बायका एकाच रांगेंत सूप घेऊन बसणाऱ्या होत्या. कोणाच्या चुलीवर काय शिजतें हें एकमेकींस ठाऊक होतें. आणि एकीनेंहि हप्ता बुडविला नाहीं.

आमच्या आईची चिठ्ठी पांचव्या महिन्यांत निघाली. १९७४ चा फेब्रुवारी होता. मागल्या पावसाळ्यानें पुरी कृपा केलेली होती, आणि नवा शाळू बाजारांत उतरूं लागला होता. आई पदरास पैसे बांधून अप्पांकडे गेली. आम्ही पिशव्या घेऊन मागें होतों. तिनें ९६ रुपये मोजून दिले. अप्पांनीं खातें पुसलें, पण त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, माझं काय चुकलं का?"

"चुकलं काहीं नाहीं, अप्पा. तुम्हीं होतां म्हणून आम्ही तगलों. आतां माल रोखीनं नेईन." आणि मग जरा थांबून, तेलाच्या डब्याकडे बोट करून ती म्हणाली, "हें काय भावानं लावलं?"

आमच्या कानांवर हे शब्द पहिल्यांदाच पडले.

उरलेल्या ८४ रुपयांत तिनें बाजारांतून महिन्याचा शाळू व डाळ आणली आणि तेल, मीठ, गूळ अप्पांकडून. तें धान्य घरांत आल्यावर आजीनें कणगीवर हात फिरविला. त्या महिन्यांत आबा मजुरी आणून देत आणि आई ती पत्र्याच्या डब्यांत टाकी. घरांत पैसे असून खर्च होत नाहींत, हें पाहून आबांस चैन पडेना. ते दोनदां डबा उघडून मोजून गेले. भिशीचे सात हप्ते अजून द्यावयाचे होते, ते द्यावे लागले. त्यासाठीं त्या वर्षीं कोणाचेंहि नवें कापड झालें नाहीं. पण दिवाळीपर्यंत घडी बसली, आणि वहीप्रमाणें पाहतां तेंच खाऊन-पिऊन महिन्यास नऊ-दहा रुपये कमी लागूं लागले. त्यांतून पुढें पोस्टांत खातें उघडलें. सांगावयाचें तें इतकेंच, कीं दोडक्याच्या शिरा आम्ही पूर्वींहि खात होतों आणि नंतरहि खाल्ल्या; फरक शिरांनीं पडला नाहीं.

आजच्या पालकांस हें सर्व जुन्यापुराण्या काळचें वाटेल. आम्ही पस्तीस वर्षें शिक्षक होतों आणि पालकांशीं पुष्कळ बोललों. आम्हांस तें फारसें जुनें वाटत नाहीं. अप्पांची तांबडी वही आतां खिशांतील यंत्रांत गेली आहे, इतकेंच. वस्तु आज, पैसे पुढें. हप्ता बिनव्याजी, पण रोखीनें घेणाऱ्यास जी सूट मिळते ती बुडालेली, आणि कोठें कोठें कागदपत्रांचा आकार वेगळा. पगार झाला त्या दिवशींच तो हप्त्यांनीं वाटून घेतलेला असतो, आणि मग उरलेला महिना पुनः उधारीवर. एका गृहस्थांनीं आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें, कीं घरांतील दिवे बदलून विजेचें बिल त्यांनीं कमी केलें. चांगली गोष्ट केली. परंतु त्यांच्या दूरध्वनीचा हप्ता त्या बचतीच्या कितीतरी पट होता, आणि जुना दूरध्वनि मुलाच्या हातांत धडधाकट चालत होता. अप्पा निदान आम्हांस चेहऱ्यानें ओळखीत होते. एखाद्या महिन्यांत 'राहूं द्या, पुढं बघूं' म्हणत. यंत्र असें म्हणत नाहीं.

मुलांनीं मात्र एक गंमत करून पाहावी. हल्लीं पुडक्यांवर दर ग्रॅममागें किंवा दर मिलिलिटरमागें किंमत छापलेली असते. आईबरोबर दुकानांत जाल तेव्हां मोठें पुडकें आणि लहान पुडकें यांवरील ते आंकडे ताडून पाहा. बहुधा मोठें स्वस्त निघेल. पण नेहमींच नाहीं. केस धुण्याच्या लहान पुडीसारख्या कांहीं जिनसांत उलट प्रकार आढळतो. 'एकदम घेतलें म्हणजे स्वस्त' हेंहि आंधळेपणानें धरून चालूं नये. आणि जें घरांत नासून फेकून द्यावें लागेल, तें कितीहि स्वस्त असलें तरी महागच पडलें.

असो. आतां सर्वांत अवघड भाग सांगावयाचा राहिला आहे. तो आम्हीं इतका वेळ पुढें ढकलला, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आक्का आमच्याहून तीन वर्षांनीं मोठी. ती १९७२ च्या उन्हाळ्यांत सातवी पास झाली. वर्गांत तिचा दुसरा क्रमांक होता. जूनमध्यें शाळा उघडली, पण ती गेली नाहीं. कोणी तिला 'जाऊं नको' असें म्हटलें नाहीं, आणि 'जा' असेंहि म्हटलें नाहीं. पाऊस नव्हता, आबांस काम नव्हतें, आणि सूप तर घरांत होतेंच. आईच्या वहींत त्या जूनपासून डावीकडे दर आठवड्यास एक नवी रक्कम दिसूं लागते : 'आक्काची मजुरी.' भिशीचे पंधरा रुपये त्यांतून गेले. तो पहिला महिना, ज्याचें वर्णन आम्हीं एवढ्या कौतुकानें केलें, तो त्या मजुरीनें विकत घेतलेला होता. यास काटकसर म्हणावें काय? आमच्या मतें म्हणूं नये. जी नाहीं म्हणूं शकत नव्हती, तिच्याकडून घेतलेली ती उचल होती. पण हा प्रश्नहि आम्हांस कित्येक वर्षें पडला नाहीं. कारण वर्गांतून जी वही विकतची म्हणून आम्ही मिरवीत असूं, ती शिवून देणारी तीच होती, आणि शिवतांना ती आमचें पुस्तक उघडून वाचीत बसे, तेव्हां आम्ही तें ओढून घेत असूं.

१९९१ च्या पाडव्यास आईच्या डोळ्यांस नीट दिसेना, म्हणून नवी वही घालावयास तिनें आम्हांस बसविलें. तेव्हां आम्ही या शाळेंत शिकवूं लागून सात वर्षें झालीं होतीं. मागलें पान समोर घेऊन आम्ही एकेक बाब ओढीत होतों. दूधवाला, इतके. शेजारचीं साखरेचीं येणीं, इतकीं. त्यांखालीं एक ओळ होती : 'देणें, आक्काची शाळा.' पुढें आंकडा नव्हता. आम्हीं त्यामागलें वर्ष पाहिलें. तेथेंहि ती ओळ होती. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. १९७२ च्या पाडव्यापासून दर वर्षीं, पहिल्या पानावर, सर्वांत शेवटीं, तीच ओळ, त्याच अक्षरांत.

"आई, हें काय?"

"देणं आहे."

"आंकडा कां नाहीं?"

"किती झालं तें मला कुठं ठाऊक आहे? म्हणून टाकला नाहीं."

आक्काचें घर पलीकडल्या गल्लींत होतें. तिला दोन मुलें होतीं आणि ती तेव्हांहि विड्याच वळीत होती. आम्हीं बाहेरून परीक्षेस बसण्याचा सतरा क्रमांकाचा अर्ज तिच्यापुढें ठेवला, तेव्हां ती आधीं हंसली आणि मग चिडली. "आतां कशाला रे? चष्मा लागला मला." अर्ज पंधरा दिवस तिच्या देव्हाऱ्यापाशीं पडून होता. शेवटीं तो तिच्या मुलीनें भरला. १९९३ च्या मार्चांत ती शालान्त परीक्षेस बसली आणि इंग्रजी व गणित या दोन विषयांत नापास झाली. ऑक्टोबरांत पुनः बसली व दोन्हींत पास झाली. परीक्षेची फी दोन्ही वेळां आईनें दिली, आमच्याकडून एक पैसा घेऊं दिला नाहीं. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं आक्का नेहमींप्रमाणें सूप मांडीवर घेऊन बसली, कारण हजाराचा हिशेब पुरा करावयाचा होता.

आम्हांस वाटलें, आतां आई ती ओळ खोडील. आमचें पान तिनें कसें फाडून दिलें होतें, तें आम्हीं पाहिलेलें होतें. पण त्या पाडव्यास तिनें ओळीखालीं एवढेंच लिहावयास सांगितलें : 'पैकीं जमा, परीक्षा फी दोन वेळां.' आणि ओळ पुढें ओढावयास लावली.

२००३ च्या श्रावणांत आई गेली. त्या वर्षीं घरांत दिवाळी नव्हती, पण वही बदलावयाची होती. पाडवा टळून गेला. दुसऱ्या दिवशीं आक्का आली, आणि तिनेंच माळ्यावरून नवी कोरी वही काढून घेतली. चष्मा सारखा करून तिनें एकेक बाब उतरविली : दूध, वीज, किराणा, पोस्टांतील शिल्लक. तिचें अक्षर आईच्या अक्षरासारखें होऊं लागलें आहे, हें आम्हांस त्या दिवशीं दिसलें. शेवटल्या ओळीशीं ती थांबली. पेन टोपण लावून खालीं ठेवलें, वही आमच्याकडे सरकविली आणि म्हणाली, "ही तूं लिही."

आम्हीं लिहिली. तेव्हांपासून दर पाडव्यास ती ओळ आम्हीच ओढतों. आंकड्याची जागा अजून कोरी आहे.